तुमचे प्रश्न, व्हायोलावाल्या ताईची उत्तरं

मागच्या अंकात ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण जरा मोठं आणि खालच्या सुराचं वाद्य) वाजवणाऱ्यांच्या रोजच्या कामाबद्दल लिहिलं होतं, त्यावर भरपूर प्रश्न आले. काही वाजवणाऱ्यांचे, काही नुसतं ऐकणाऱ्यांचे आणि काही पालकांचे. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक होते ते थोडे कापलेत, त्याबद्दल राग मानू नका.

ताई, मी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास व्हायोला घेऊन बसते. कॉन्चर्टोचा (ऑर्केस्ट्राच्या साथीने एका वाद्याने वाजवायच्या रचनेचा) पहिला भाग रोज तीनदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवते, तरी महिनाभरात काहीच सुधारणा दिसत नाही. तुम्ही किती तास करता? — संगीताच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

चार तास खूप झाले गं, तास वाढवायचं डोक्यातून काढून टाक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीनदा वाजवणं हा रियाज नाही, ते नुसतं वाजवणं झालं, त्यात जे येतं तेच परत येतं आणि जे चुकतं तेही तितक्याच वेळा घोटून पक्कं होतं.

माझं कसं चालतं ते सांगते. पहिली दहा-पंधरा मिनिटं फक्त मोकळ्या तारा, आणि त्यातही जास्तीत जास्त वेळ खालच्या सी तारेवर. ही तार जाड, बो (गज) टेकवला की लगेच बोलत नाही. तिला हाताचं वजन द्यावं लागतं, दाबायचं नाही, वजन सोडायचं, आणि बो जरा सावकाश ओढायचा. दाबलं तर करकर होते आणि वरवर ठेवलं तर नुसती हवा येते. या दोन्हींच्या मधली जागा रोज नव्याने शोधावी लागते, कारण हवा बदलते, तार जुनी होते, बोचे केस झिजतात, आपला खांदा कालच्यासारखा मोकळा नसतो. मग स्केल (सुरांचे आरोह-अवरोह), खाली एक स्थिर सूर लावून आणि अगदी सावकाश. ट्यूनर शेजारी असतो पण सुई बघत बसत नाही, सुई बघून लावलेला सूर कार्यक्रमात सापडत नाही, कानाने लावलेला सापडतो.

आता खरं काम. समज एका जागी पहिल्या पोझिशनवरून (पोझिशन म्हणजे वाद्याच्या मानेवरची डाव्या हाताची जागा) पाचव्या पोझिशनला उडी आहे आणि वरचा सूर दरवेळी किंचित खाली लागतो. अशा वेळी मी आधी तो वरचा सूर वेगळा वाजवून कानात बसवते, गुणगुणते. मग बो बाजूला ठेवून नुसता डावा हात वर-खाली नेते आणि अंगठा बोटांबरोबर निघतोय का मागे राहतोय ते बघते, कारण व्हायोलाची मान जाड आणि अंतरं मोठी, अंगठा मागे राहिला की सूर पडलाच म्हणून समज. मग बो लावून हळू, मग लयीत, मग मागचे दोन बार (ठरावीक मात्रांचे तुकडे) जोडून. चार-पाच वेळा नीट आलं की तिथून उठायचं आणि दुसरीकडे जायचं, आणि अर्ध्या तासाने काही तयारी न करता परत तिथे येऊन पहिल्याच फटक्यात येतं का ते बघायचं. स्टेजवर पहिलाच फटका मिळतो, त्यामुळे रियाजातही त्याचीच परीक्षा घ्यायला हवी. दिवसाच्या शेवटी एकदा सलग वाजव, फोनवर रेकॉर्ड कर, आणि ऐकणं मात्र दुसऱ्या दिवशी कर, लगेच ऐकलं तर आपण जे वाजवायचं ठरवलं होतं तेच ऐकू येतं.

आणि अजून एक, याच्यावर माझा फार भर आहे. चारपैकी एक तास दुसऱ्यांचे पार्ट शिकण्यात घाल. स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहिलेलं नोटेशन) उघड, तुझा सूर चालू असताना क्लॅरिनेट काय करतंय, चेलो कुठे श्वास घेतोय, दुसरं व्हायोलिन तुझ्याबरोबर आहे का तुझ्याविरुद्ध, ते पेन्सिलने तुझ्या पार्टवर लिही. व्हायोला एकटीने फार थोडं वाजवते, बाकीचं सगळं कोणाच्या तरी खाली नाहीतर मधे असतं, आणि ते कोण हेच माहीत नसेल तर चार तास काय आठ तास बसलीस तरी ऑर्केस्ट्रात गेल्यावर तुझं वाजवणं वेगळंच पडतं.

तासांबद्दल विचारलंस म्हणून, तालमीच्या दिवशी मी घरी पाऊण तासाच्या वर वाजवत नाही. तालीम साधारण अडीच-तीन तासांची, कधी दिवसात दोन, त्यावर घरी अजून चार तास म्हणजे हाताचा सत्यानाश.

माझं वय सत्तरच्या पुढे, वाद्य वाजवता येत नाही पण ऐकायला आवडतं. लांबून व्हायोलिन आणि व्हायोला सारखीच दिसतात. ओळखायचं कसं?

काका, डोळ्यांपेक्षा कानाने लवकर ओळखाल. व्हायोलाच्या तारा सी, जी, डी, ए, म्हणजे वरच्या तीन व्हायोलिनच्याच, फक्त व्हायोलिनची वरची ई नाही आणि खाली एक सी जास्त. चेलोच्याही याच चार तारा, पण एक सप्तक खाली. आवाज जरा घोगरा, उबदार, माणूस हळू आवाजात बोलतो त्याच्या जवळचा. दिसायला व्हायोलिनची पेटी, म्हणजे वाद्याचं लाकडी धड, साधारण १४ इंच असते, व्हायोलाची बहुतेक साडेपंधरा ते साडेसोळा, आणि बोही जड, व्हायोलिनचा साठेक ग्रॅम तर आमचा सत्तरच्या आसपास. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाल्यांच्या आणि चेलोवाल्यांच्या मधे, नाहीतर अगदी उजव्या कडेला बसलेले दिसतील ते आम्ही.

मी दहा वर्षं व्हायोलिन वाजवतोय, आमच्या क्वार्टेटला (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो) व्हायोलावाला मिळेना म्हणून सगळे मला म्हणतायत तू घे. हात लहान आहेत. जमेल का? आणि जमलं तर परत व्हायोलिनवर येता येईल ना?

जमेल, आणि परतही येता येईल, दोन्ही वाजवणारे पुष्कळ आहेत. पण तात्पुरतं म्हणून घेऊ नकोस रे, नाहीतर तू मोठ्या व्हायोलिनवर व्हायोलिनच वाजवत राहशील आणि क्वार्टेटमधे दोनाच्या ऐवजी तीन व्हायोलिनं ऐकू येतील.

हाताचं म्हणशील तर गंमत अशी की व्हायोलाला ठरलेलं मापच नाही. व्हायोलिनपेक्षा पाच सूर खालचं वाद्य म्हणजे हिशोबाने पेटी दीडपट, २१ इंचांच्या आसपास हवी, आणि ते खांद्यावर धरून वाजवणं माणसाला शक्य नाही. म्हणून प्रत्येक कारागीर आपापल्या परीने तडजोड करतो, कोणी पेटी रुंद करतो, कोणी बरगडी (बाजूची पट्टी) उंच करतो, कोणी खालचा भाग फुगवतो. तो जरासा अनुनासिक, दबलेला आवाजसुद्धा याच तडजोडीतून आलाय आणि मला तो फार प्रिय आहे. तुला १५ किंवा साडेपंधरा इंची वाद्य घेऊन सुरुवात करता येईल, चांगलं बनवलेलं लहान वाद्य वाईट बनवलेल्या मोठ्या वाद्यापेक्षा केव्हाही बरं. घेताना दुकानात वरच्या तारेवर गोड गोड वाजवून भुलू नकोस, सी तार वाजवून बघ, तिसऱ्या-चौथ्या पोझिशनपर्यंत चढ आणि ती तिथेही स्वच्छ बोलते का ते ऐक, वाद्याची खरी ओळख तिथे पटते.

क्लेफची (कोणत्या रेघेवर कोणता सूर हे सांगणाऱ्या खुणेची) भीती घालवायला वेळ लागतो. व्हायोलाच्या आल्टो क्लेफमधे मधल्या रेघेवर मधला सी असतो. बरेच व्हायोलिनवाले मनातल्या मनात तिसऱ्या पोझिशनचं गणित करून वाचतात, तसं अजिबात करू नकोस, पहिल्या दिवसापासून सुराचं नाव घेऊन वाच. आणि उजव्या हाताची सवय बदल. जाड तार उशिरा बोलते, त्यामुळे बाकीच्यांबरोबर ऐकू यायचं असेल तर केसभर आधी निघावं लागतं. व्हिब्रेटो (सुराचं कंपन) थोडा रुंद, थोडा संथ. सहा महिने तरी दे.

ताई, स्पष्ट विचारते, ऑर्केस्ट्रात व्हायोला ऐकूच येत नाही. नुसतं मागे ढुम ढुम करत बसायचा कंटाळा येत नाही का?

येत नाही, आणि का येत नाही ते जरा सविस्तर सांगते कारण हाच प्रश्न सगळ्यात जास्त वाचकांनी विचारलाय.

एक साधा सी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर, मेजर म्हणजे उजळ आणि मायनर म्हणजे उदास छटेचा) घ्या. चेलोने खाली मोकळी सी तार धरलीय, दुसऱ्या व्हायोलिनने जी, पहिल्याने वर सी, आणि तुमच्या वाट्याला मधला ई. चौघांतला एकच सूर, पण कॉर्ड मेजर आहे का मायनर हे तोच ठरवतो. आता हा ई पियानोवर असतो तिथे लावला तर चेलोच्या सी बरोबर तो कचकचतो, शुद्ध लागायला पियानोपेक्षा साधारण १४ सेंट खाली यावा लागतो (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट). खाली आला की अचानक सगळा कॉर्ड मोठा होतो, कोणीही आवाज वाढवलेला नसतो तरी मोठा होतो. पुढच्याच बारमधे चेलोने समजा मोकळी ए तार धरली, तुमचा सूर तोच ई, पण आता तो ए चा पंचम झाला, आणि आधीच्या जागेपासून जवळजवळ २२ सेंट वर जायला हवा. डी तारेवर पहिल्या बोटाने वाजवत असाल तर हे अंतर भरतं चारेक मिलिमीटर. बोट उचलायचं नाही, टोक जरासं पुढे लोळवायचं, तेही चेलो बदलतोय त्याच क्षणी. कागदावर मात्र दोन्ही ठिकाणी एकच सूर छापलाय, कमानीने जोडून ठेवलेला, बघणाऱ्याला वाटतं ही बाई काहीच करत नाहीये.

हाच २२ सेंटचा घोळ तारा सुरात लावतानाही येतो. चेलोची सी तार शुद्ध पंचमांनी मोजत मोजत वर आलात की व्हायोलिनची ई त्या सी शी तितकीच चढी निघते. म्हणून बरेचसे क्वार्टेट तारांमधली पंचमाची अंतरं किंचित आखूड ठेवतात, आणि आमची आणि चेलोची सी तार थोडी वर ओढून घेतात. तालमीच्या आधी लोक पाच मिनिटं तारा पिळत बसतात ते यासाठी.

मग लय. वॉल्ट्झमधे (तीन ठोक्यांच्या नाचाच्या संगीतात) पहिला ठोका बासचा, दुसरा-तिसरा आमचा आणि दुसऱ्या व्हायोलिनचा. व्हिएन्नाच्या पद्धतीने दुसरा ठोका जरा लवकर येतो, किती लवकर हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि तो नीट पडला तरच नाचावंसं वाटतं. तुम्ही ज्याला ढुम ढुम म्हणता ते काम दहा-बारा जणांनी एका हाताने केल्यासारखं करायचं असतं, न बघता, शेजाऱ्याच्या श्वासावर.

आणि कधी कधी सगळं आमच्यावर सोडलेलं असतं. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागाची धून व्हायोला आणि चेलो सुरू करतात. ब्रुकनरच्या चौथीत दुसऱ्या भागात व्हायोलाला लांबलचक गाणं आहे. मालरने १९१० साली लिहायला घेतलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या दहाव्या सिंफनीची सुरुवात तर नुसत्या व्हायोलांनी होते, बाकी अख्खा ऑर्केस्ट्रा गप्प बसलेला, अगदी हळू आवाज, आधाराला कोणी नाही, आणि सगळ्यांचे बो एकाच वेगाने जायला हवेत. ते वाजवायच्या आधीचा अर्धा मिनिट मला अजूनही पोटात जाणवतो.

ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनमधे दरवेळी पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. स्टामिट्झचा कॉन्चर्टो चांगला वाजतो असं शिक्षक म्हणतात. मग चुकतं कुठे?

कॉन्चर्टो चांगला वाजत असेल यावर माझा विश्वास आहे. पहिल्या फेरीत स्टामिट्झ किंवा हॉफमाइस्टरचा डी मेजर सगळेच चांगला वाजवतात, निवड बहुतेक एक्सर्प्टवर (ऑर्केस्ट्राच्या रचनांतल्या निवडक तुकड्यांवर) होते आणि तिथेच तयारी कमी पडते. लोक एक्सर्प्ट छोट्या सोलोसारखे तयार करतात, सुंदर, भावपूर्ण आणि लयीत ढिले. पॅनेल बऱ्याचदा पडद्यामागे बसलेलं असतं, त्यांना तुझा चेहरा दिसत नाही, कानावर येतं ते फक्त लय, सूर आणि आवाजाचा पोत, साधारण याच क्रमाने.

उदाहरण म्हणून स्ट्राउसचा १८८८ सालचा 'डॉन ह्वान' घे, बहुतेक यादीत असतोच. सुरुवातीची उसळी इतकी मोहात पाडणारी आहे की सगळे मिळेल त्या वेगाने सुटतात आणि पानाच्या मधेच हात अडकतो. तू उलटा जा. त्या पानातला तुला सगळ्यात अवघड जाणारा बार शोध, तो ज्या वेगाला स्वच्छ येतो तोच वेग पहिल्या सुराला घे, आणि वाजवायच्या आधी मनात दोन बार मोजून घे, पॅनेल थांबतं, घाई नसते. मेंडेल्सनच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या स्केर्झोमधे (चपळ, खेळकर भागात) उलट अडचण, तिथे बो उडवायच्या नादात लय पळते. मेट्रोनोम ठोक्यावर न लावता प्रत्येक बारला एकदाच वाजेल असा लाव, मधलं तुझं तू सांभाळ, चूक लगेच उघडी पडते.

आणि वर त्या मुलीला सांगितलं तेच तुलाही, बाकीचे काय वाजवतात ते पाठ कर. रेकॉर्डिंगबरोबर वाजव, मग रेकॉर्डिंग बंद करून डोक्यात चालू ठेवून वाजव. तू विराम घेतोस तेव्हा त्या विरामात ओबो वाजतोय हे तुला माहीत असेल तर तो विराम बरोबर तेवढाच येतो. मी पॅनेलवर बसलेय, पडद्याच्या पलीकडून एकटा माणूस वाजवत असतो आणि तरी कळतं की याच्या कानात सगळा ऑर्केस्ट्रा चालू आहे.

मित्रांना बोलावून खोट्या ऑडिशन दे, अनोळखी खोलीत, हात गरम न करता.

डाव्या खांद्यात आणि मानेत दुखतं, कधी करंगळीला मुंग्या येतात. सर म्हणतात व्हायोला म्हटलं की दुखणारच, सवय होते.

सवय होत नाही, इजा होते. मुंग्या येतायत म्हणजे नस कुठेतरी दबतेय, आधी डॉक्टरकडे जा, वादकांची दुखणी बघणारे फिजिओथेरपिस्ट असतात त्यांना वाद्यासकट भेट. सरांचा मान राखून सांगते, वाजवताना थकवा येणं वेगळं आणि दुखणं वेगळं, दुखतंय त्या दिवशी व्हायोला पेटीत ठेवायची, संकोच करायचा नाही.

तोवर बघायच्या गोष्टी. हनुवटीची पट्टी आणि खांद्याखालचा आधार तुझ्या मानेच्या उंचीचे आहेत का, का वाद्याबरोबर आले तेच वापरतेयस? मान लांब असेल तर पट्टी उंच करावी लागते, आधार उंच करून भागत नाही, उलट खांदा अजून वर चढतो. वाद्य फार डावीकडे धरलं असेल तर थोडं समोर आण. हनुवटीने चिमटा काढल्यासारखं धरतेस का, तर सूर बदलताना डाव्या हातालाही थोडं वजन घेऊ दे. दर पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं खाली ठेव. तालमीत कोणी थांबू देत नाही, म्हणून तिथे जिथे विराम आहे तिथे खरंच हात खाली सोडायचा, वाद्य मांडीवर. ब्रुकनरसारख्या संगीतात पानंच्या पानं ट्रेमोलो (बो भराभर पुढे-मागे करणं) असतो, तो मनगट घट्ट करून केलास तर दुसऱ्या पानालाच हात दगड होतो, बोच्या टोकाजवळ, अगदी कमी केसांवर, सैल हाताने करायचा.

वाद्य मोठं असेल तर बदल, लहान वाद्य घेणं म्हणजे हार नाही.

ऑर्केस्ट्रावाले कानात काहीतरी घालून बसलेले दिसतात. संगीत ऐकायलाच तर आलेत ना?

हो, आणि अजून तीस वर्षं ऐकता यावं म्हणूनच घालतात. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही साधारण मर्यादा धरतात, आणि आवाज तीन-तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मी निम्मी होत जाते. आमच्या पाठीशी बऱ्याचदा ब्रास (पितळी फुंकवाद्यं) नाहीतर पर्कशन (तालवाद्यं) असतं, शिवाय आपलं स्वतःचं वाद्य डाव्या कानाच्या अगदी जवळ. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमधे २०१२ साली वाग्नरच्या तालमीत ब्रासच्या पुढ्यात बसलेल्या एका व्हायोलावादकाच्या कानाला कायमची इजा झाली, त्याचं करिअर संपलं, आणि २०१८ साली तिथल्या हायकोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला, वरच्या कोर्टातही तो टिकला. तेव्हापासून हा विषय कोणी हसण्यावारी नेत नाही. वादकांसाठीचे कानातले प्लग उंच-खालचे सगळे सूर जवळजवळ सारखेच कमी करतात, ९, १५, २५ डेसिबलचे फिल्टर मिळतात. सुरुवातीला आपलाच आवाज डोक्यात घुमतो, घरी रियाजात घालून सवय करा.

कार्यक्रमात बो थरथरतो. विशेषतः हळू आवाजातल्या लांब सुराला. औषध घेतात असं ऐकलंय.

घेतात, बीटा ब्लॉकर, ते थरथर कमी करतात हे खरं आहे. पण दम्याच्या लोकांना ते धोक्याचं ठरू शकतं आणि हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करतं, त्यामुळे मित्राच्या खिशातली गोळी कधीही घ्यायची नाही, डॉक्टरला विचारूनच, आणि पहिल्यांदा तर कार्यक्रमाच्या दिवशी नकोच.

हाताचं काम आधी करून बघ. बो थरथरतो कारण भीतीने आपण तो तारेवरून उचलून धरतो, वजन जातं आणि काठी उड्या मारायला लागते. हळू आवाज म्हणजे हलका हात असं डोक्यात बसलेलं असतं. बो तारेवर आधी टेकव, तार केसांना चिकटलीय हे बोटांना कळू दे, श्वास सोड आणि सोडता सोडता ओढ. टोकापासून सुरू करत असशील तर काठी थोडी आपल्याकडे वळवून जास्त केस घे. आणि रियाजात मुद्दाम धावून ये, छाती धडधडत असताना तो सूर लाव. धडधड थांबत नसते, धडधडीत बो कसा चालतो ते हाताला शिकवायचं असतं.

मुलीला व्हायोलातच करिअर करायचंय. आई म्हणून काळजी वाटते, पोट भरेल का?

ताई, खोटा धीर देत नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलाच्या जागा दहा ते चौदा, आणि कोणी निवृत्त झालं किंवा सोडून गेलं तरच एक मोकळी होते. निवड झाल्यावरही काही महिने ट्रायल, तेव्हा तुमचं वाजवणं जितकं बघतात तितकंच शेजारच्याशी पटतं का तेही बघतात. म्हणून बहुतेकजण मिश्र कामावर जगतात, थोडी शिकवणी, थोडं क्वार्टेट, दुसऱ्याच्या जागी ऑर्केस्ट्रात बदली, रेकॉर्डिंग, नाटकांचं संगीत. कामाची वेळ म्हणजे बाकी जगाची सुट्टीची वेळ, संध्याकाळ आणि रविवार. वाद्याचा, तारांचा, बोमधे नवे केस भरण्याचा खर्च कायम चालूच.

जमेची बाजू म्हणजे चांगल्या व्हायोलावादकाची गरज सगळीकडे असते, व्हायोलिनवाले फार, आम्ही कमी. मुलीला दोन गोष्टी नक्की करायला लावा, शिकवायला शिकणं आणि न पाहिलेलं नोटेशन समोर आल्यावर लगेच वाचता येणं. वेळेवर येणारी, पार्ट तयार करून येणारी, पेन्सिल बरोबर असणारी मुलगी परत परत बोलावली जाते. आणि तिला मनापासून वाजवायचंय ना, मग आत्ताच दार लावू नका, चार-पाच वर्षं करू द्या.

व्हायोलावर विनोद फार आहेत, आणि व्हायोलासाठी खास लिहिलेलं संगीतच नाही म्हणतात. खरंय का?

विनोदांचं मूळ जुनं आहे. क्वांट्झ या जर्मन बासरीवादक-संगीतकाराने १७५२ सालीच लिहून ठेवलंय की व्हायोलाला लोक फारसं महत्त्व देत नाहीत, त्या काळी व्हायोलिनवर कमी पडणाऱ्याला व्हायोलाकडे बसवायचे. पण त्याच क्वांट्झने पुढे व्हायोलावाला चांगला का हवा हेही लिहिलंय. बाखला स्वतः व्हायोला वाजवायला आवडायचं, मोझार्ट क्वार्टेटमधे व्हायोलाला बसायचा, बेथोव्हेन तरुणपणी बॉनच्या दरबारी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवत होता आणि ड्वोर्झाकने तर प्रागच्या थिएटरमधे कित्येक वर्षं याच वाद्यावर पोट भरलं. मला वाटतं ही मंडळी मधे बसून सगळं ऐकत होती आणि त्याचा त्यांना लिहिताना उपयोग झाला.

संगीत नाही हे तर साफ चूक. बाखच्या सहाव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चर्टोत व्हायोलिनच नाही, वर दोन व्हायोला. मोझार्टने १७७९ सालच्या सिंफोनिया कॉन्चर्टांतेत व्हायोलाच्या तारा अर्धा सूर चढवायला सांगितल्या, म्हणजे ऑर्केस्ट्रा ई फ्लॅटमधे आणि व्हायोलाचा पार्ट डी मधे लिहिलेला, त्यामुळे मोकळ्या तारा घुमतात आणि व्हायोलिनच्या बरोबरीने ऐकू येतं. बर्लिओझने 'हॅरॉल्ड इन इटली' नामांकित व्हायोलिनवादक पगानिनीच्या सांगण्यावरून लिहायला घेतलं, सोलोत विराम फार म्हणून पगानिनीने ते वाजवलं नाही, आणि पुढे १८३८ मधे ऐकल्यावर बर्लिओझपुढे गुडघे टेकले. ब्राम्सने क्लॅरिनेटचे दोन सोनाटा स्वतः व्हायोलासाठी करून दिले. रिबेका क्लार्क स्वतः व्हायोलावादक, तिचा १९१९ चा सोनाटा तर मी कोणालाही पहिल्यांदा ऐकायला देते. वॉल्टनचा कॉन्चर्टो लायनेल टर्टिस या नामांकित इंग्लिश व्हायोलावादकाने नाकारला, मग १९२९ साली लंडनमधे संगीतकार आणि व्हायोलावादक हिंडेमिटने तो वाजवला, आणि टर्टिसने मत बदलून नंतर तो स्वतःही वाजवला. बार्टोकचा कॉन्चर्टो व्हायोलावादक विल्यम प्रिमरोजसाठी होता, १९४५ मधे बार्टोक गेला तेव्हा नुसते कच्चे कागद होते, टिबोर शेर्लीने ते जुळवले आणि १९४९ मधे प्रिमरोजने ते सादर केलं. शोस्ताकोविचची १९७५ सालची शेवटची रचना कोणत्या वाद्यासाठी, तर व्हायोला आणि पियानो.

सुरुवात क्लार्कपासून करा, मग मोझार्टचा दुसरा भाग ऐका, आणि शोस्ताकोविच अगदी शेवटी, एकट्याने, फोन बंद करून. ऑर्केस्ट्राचं काही ऐकताना स्कोअर मिळाला तर समोर ठेवा, तारवाद्यांच्या पाच ओळी तळाशी असतात, त्यातली वरून तिसरी आमची, एकदा फक्त तीच डोळ्यांनी धरून शेवटपर्यंत जा. काय काय सापडलं ते कळवा, पुढच्या अंकात त्यावर बोलू.